मताचे मोल

चहाच्या टपरीवर तीन विषय हटकून निघतात : निवडणूक, क्रिकेट आणि भाव. बोलणाऱ्याचा आवेश तिन्ही वेळा सारखाच. परंतु त्याच्या मताचे मोल मात्र निरनिराळे असते. ते कसे, हे पाहू.

क्रिकेटमध्ये प्रेक्षकाच्या मताने धावफलक हलत नाही. २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर भारत १८३ धावांत बाद झाला, तेव्हा वेस्ट इंडीजच जिंकणार असे बहुतेकांना वाटले. तो संघ १४० धावांत गारद झाला.

शेअरबाजाराची गोष्ट वेगळी. तेथील भाव म्हणजे घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या मतांचाच हिशेब. मतदानोत्तर चाचण्यांवर विसंबून ३ जून २०२४ रोजी सेन्सेक्स सुमारे २,५०० अंशांनी चढला. दुसऱ्याच दिवशी मतमोजणीत अंदाज चुकताच सुमारे ४,३९० अंशांनी कोसळला. कारखाने तेच, यंत्रे तीच. बदलले ते मत.

तिसरा प्रकार सहकाराचा. आपल्या ढोकीच्या तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखान्याचा भाग अफवेने चढत-उतरत नाही. सहकारी संस्थेत भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. येथे मत म्हणजे अंदाज नव्हे, निर्णय होय. आणि त्याचे बरेवाईट फळ मत देणाऱ्याच्याच उसाला लागते. निवडणुकीचेही तसेच.

म्हणून बोलण्यापूर्वी स्वतःला विचारावे : माझे हे मत करमणूक आहे, सौदा आहे, की जबाबदारी?