जामीन झाला, पण जामीनदार कुठाय?

अगं, भावाला मारामारीच्या गुन्ह्यात अटक झालीय, पण रडायचं ते नंतर. आधी त्या टपरीवरच्या माणसाला दिलेला शब्द मागे घे. 'साहेब आपल्या ओळखीतले, आतल्या आत मिटवून टाकतो' म्हणणारा एखादा कुठल्याही ठाण्याबाहेर भेटतोच. त्याला दिलेले पैसे बुडाले म्हणून समज. तुझ्या भावावरचं कलम आहे तिथंच राहणार.

त्यापेक्षा ठाण्यात जा आणि ठाणे अंमलदारांना आवाज न चढवता विचार. अटक किती वाजता दाखवली? गुन्हा रजिस्टर नंबर काय, कलमं कोणती, तपास कोणाकडे, आणि उद्या उभं करणार ते कोणत्या कोर्टात? सगळं लिहून घे. कोर्टाचं विचारायला बहुतेक जण विसरतात आणि सकाळी चुकीच्या कोर्टाच्या आवारात वकील शोधत फिरतात. तुमचं दिघी ठाणं १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात आहे, तरी आपल्याकडे अजून पुष्कळ जण थेट शिवाजीनगर कोर्ट गाठतात. सुटी असेल तर रिमांड सुटीच्या कोर्टात होतो, म्हणून तेही विचार.

अटकेपासून २४ तासांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटपुढे न्यावंच लागतं, त्यात फक्त प्रवासाचा वेळ धरत नाहीत. अटक कशासाठी केली ते त्याला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावं लागतं. वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघात प्रकरणात नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे सगळ्याच गुन्ह्यांना लागू केलं. तो कागद फार तर रिमांडच्या दोन तास आधीपर्यंत हातात पडायला हवा. तेव्हा असा कागद मिळाला का, ते विचार. त्याला भेटू दिलं तर दोनच गोष्टी सांग. कोऱ्या कागदावर सही करू नकोस, आणि मार बसला असेल तर डॉक्टरांना आणि मॅजिस्ट्रेटना स्पष्ट सांग. 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का' असं कोर्टात विचारतात, आणि घाबरलेली पोरं 'नाही' म्हणून मोकळी होतात.

आता कलमांचं. मारामारी म्हटलं की सगळं एकच, असं तुला वाटतंय. तसं नाही. नुसत्या हातानं मारलं आणि साधी दुखापत झाली तर भारतीय न्याय संहितेचं ११५(२) लागतं. ते जामीनपात्र आहे, म्हणजे जामीन हा त्याचा हक्क, कोर्टाची मेहेरबानी नव्हे. हातात रॉड किंवा कोयता होता असं फिर्यादीत आलं की ११८(१), ते अजामीनपात्र. आणि १०९ लावलं, म्हणजे खुनाचा प्रयत्न, तर जामिनासाठी बहुतेक वेळा सत्र न्यायालयातच जावं लागतं. अजामीनपात्र या शब्दानं हातपाय गाळू नकोस. जामीन मिळतच नाही असा त्याचा अर्थ नाही, तो देणं न देणं न्यायाधीशांच्या हातात आहे, एवढंच. फिर्यादीत 'व इतर साथीदार' असं लिहिलंय का तेही बघ. त्या इतरांत घरातलं कोणी येण्याची भीती असेल तर त्याचा अटकपूर्व जामिनाचा अर्ज अटकेच्या आधीच व्हायला हवा, नंतर त्याचा उपयोग नाही.

वकील शोधताना पाटीवर जाऊ नकोस. भाडेकरार, खरेदीखत, नोटरी करणारे वकील वाईट नसतात, पण उद्या तुला फौजदारीत रोज उभा राहणारा माणूस हवा, तोही त्याच कोर्टात. भावाच्या कंपनीत युनियन असेल तर तिथं विचार. भोसरी-चाकणच्या युनियनवाल्यांना अशी नावं माहीत असतात. भेटल्यावर सरळ विचार: रिमांडला तुम्ही स्वतः येणार की ज्युनिअर? रिमांडचे किती, जामीन अर्जाचे किती, पुढं खटल्याचे किती? फी टप्प्याटप्प्यानं ठरव आणि पावती माग. 'जामिनाची गॅरंटी' देणाऱ्याकडून मात्र उठून ये. निकालावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांचीच मनाई आहे, जाहिरात करायलाही.

आणि पैसे नसतील तर लाजू नकोस. कोठडीतल्या माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. १५१०० वर फोन कर, नाहीतर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. रिमांडच्या वेळी त्यानं नुसतं 'मला वकील नाही' म्हटलं तरी कोर्टाला सोय करावी लागते. फुकटचा वकील काय करणार, असं तुझी सासू म्हणेल. म्हणू दे. रोज त्याच कोर्टात उभा राहणारा असा फुकटचा वकील, केस न वाचता आलेल्या महागड्या वकिलापेक्षा मला कधीही चालेल.

कोर्टात पीसीआर, एमसीआर ऐकशील. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, एमसीआर म्हणजे न्यायालयीन, मग येरवडा तुरुंग. एमसीआर झाला म्हणजे शिक्षा झाली असं समजून आई कोसळेल, तिला आधीच सांगून ठेव. बहुतेक वेळा त्याच दिवशी जामिनाचा अर्ज टाकतात. मग सरकारी वकिलांचा 'से', म्हणजे त्यांचं म्हणणं, येतो, युक्तिवाद होतो. यात काही दिवस जातातच. ६० दिवसांत, आणि दहा वर्षे किंवा त्याहून मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हक्कानं मिळतो, पण दोषारोपपत्र यायच्या आधी अर्ज करावा लागतो. ती तारीख वकिलावर सोडू नकोस, तूही कॅलेंडरवर खूण कर.

तुम्ही भाड्यानं राहता, म्हणून खरा घोळ पुढं आहे. जामिनाचा आदेश झाला म्हणजे पोरगा सुटला असं नसतं. जातमुचलका तो स्वतः देईल, पण जामीनदार? ज्याच्याकडे घरपट्टीची पावती, सातबारा किंवा पगाराची स्लिप आहे असा माणूस कोर्टात येऊन सही करणार, की हा पळाला तर पैसे मी भरीन. लातूर-बीडहून येऊन दिघीत खोली घेतलेल्याच्या ओळखीत असे किती असतात? मला हा कायद्यातला सगळ्यात अन्यायाचा भाग वाटतो. १९७८ मध्ये मोती राम नावाच्या मध्य प्रदेशातल्या गवंड्याला मॅजिस्ट्रेटनं दहा हजारांचा जामीन मागितला, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो भाऊ जामीनदार चालेना. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सर्वोच्च न्यायालयात ते खोडून काढलं आणि हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडलं. तेव्हा कायद्यानं लातूरचे काका चालतात. पण त्यांचे कागद पडताळेपर्यंत तो आतच राहील, म्हणून पुणे जिल्ह्यातलाच माणूस बघ.

जामीनदार लगेच मिळत नसेल तर वकिलाला तात्पुरता कॅश बेल मागायला सांग, रोख भरायची आणि जामीनदारासाठी मुदत घ्यायची. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार जमला नाही तर ऐपत नसलेला समजून नुसत्या मुचलक्यावर सोडण्याची तरतूद आहे. कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन जामीनदार पुरवणारे भेटतील, त्यांच्या नादाला लागू नकोस. कागद खोटे निघाले तर नवा गुन्हा.

फिर्यादी तुमच्याच चाळीतला आहे ना? मग त्याच्या दारात कोणालाही समजवायला पाठवू नकोस, आईलाही नाही. उद्या 'साक्षीदारावर दबाव' म्हणून तेच कोर्टात येतं आणि मिळालेला जामीन रद्द होऊ शकतो. कोर्ट त्या भागात येऊ नको अशी अटही घालू शकतं, म्हणून त्याला राहायला दुसरा पत्ता शोधून ठेव. आणि ठाण्यात हजेरी लावायचा वार चुकवायचा नाही, शिफ्ट असली तरी.

जामीनदार म्हणून राजगुरुनगरचे मामा चालतील. सातबारा त्यांच्याच नावावर आहे ना? आताच फोन लाव. आधार, सातबारा, दोन फोटो घेऊन यायला सांग. आणि 'किरकोळ भांडण' असलं काही सांगू नकोस, कलम सांग. सही करताना त्यांना ते कळणारच आहे, आणि ऐन वेळी ते उठून गेले तर त्या संध्याकाळी दुसरा जामीनदार कुठून आणशील?