मोफत शिवून द्या, पण हिशोबाने! क्विल्ट गिल्डकडून शिवणकाम व्यवसायासाठी ५ धडे



शिवणकामाचा व्यवसाय सुरू केला की पहिल्या मोठ्या ऑर्डरच्या आधी एक मागणी हमखास येते. "ताई, आमच्या वृद्धाश्रमासाठी दहा गोधड्या द्या ना." "मंडळाला पिशव्या शिवून द्याल का? समाजकार्य आहे." नाही म्हणायला जीभ रेटत नाही. हो म्हटलं की आठवडाभर मशीन त्यातच अडकते, पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाचं काम मागे पडतं आणि महिनाअखेरीस पैसे कुठे गेले तेच समजत नाही.

मग द्यायचंच नाही का? द्यायचं. जरूर द्यायचं. पण पद्धत लावून. ही पद्धत कोणाकडून शिकायची, तर अमेरिकेतल्या क्विल्ट गिल्डकडून. व्हिडिओत ओळख करून दिली होती, इथे हिशोबासकट सविस्तर बघू.

क्विल्ट गिल्ड म्हणजे काय?

क्विल्ट म्हणजे आपल्या गोधडीचीच लांबची बहीण. वर तुकडे जोडून केलेला थर, मध्ये कापसाचं किंवा फायबरचं भरण, खाली अस्तर आणि तिन्ही थर धरून ठेवणारी शिवण. आपली गोधडी जुन्या साड्या-लुगड्यांची आणि हाताच्या धावदोऱ्याची. तिकडे बहुतेक वेळा नवं सुती कापड आणि मशीन.

गिल्ड म्हणजे अशा शिवणाऱ्यांचं गावातलं मंडळ. वर्षाची वर्गणी असते, साधारण महिन्याला एक बैठक असते आणि बऱ्याच गिल्डमध्ये दानासाठी शिवायची वेगळी समिती असते. तिथून हॉस्पिटल, वृद्धाश्रम, आसरा घेतलेल्या महिलांची केंद्रं अशा ठिकाणी क्विल्ट जातात.

एक फरक सुरुवातीलाच लक्षात घ्या. गिल्डमधल्या बहुतेक जणी हौसेने शिवतात, त्यावर त्यांचं घर चालत नाही. तुमचं चालतं. म्हणून त्यांची पद्धत उचला, त्यांचा आकडा उचलू नका.

धडा १: शिवण्याआधी विचारा

चांगली गिल्ड "आमच्याकडे हे आहे, घ्या" असं करत नाही. आधी विचारते, तुम्हाला काय लागतं?

का विचारायचं? उदाहरण बघा. बाळासाठी मऊ क्विल्ट द्यावी असं कोणालाही वाटेल. पण अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे की एक वर्षाखालच्या बाळाच्या झोपायच्या जागी सैल पांघरूण ठेवू नये. त्यामुळे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागासाठी शिवलेल्या छोट्या क्विल्ट अनेकदा पेटीवर झाकायला वापरतात, म्हणजे आतल्या बाळाला उजेड कमी लागतो. वस्तू तीच, उपयोग वेगळा, म्हणून मापही वेगळं.

दुसरं उदाहरण. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांचे हात अस्वस्थपणे काहीतरी चाळवत राहतात. त्यांच्यासाठी मांडीवर मावेल एवढा तुकडा शिवतात आणि त्यावर चेन, मोठी बटणं, फिती पक्क्या लावतात. चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्यासाठी क्विल्ट आखूडच हवी, नाहीतर चाकात अडकते. हे घरी बसून सुचत नाही, विचारूनच कळतं.

धडा २: माप आणि दर्जा कागदावर हवा

"दानच आहे, चालतंय" हे वाक्य तुमच्या वर्कशॉपमधून हद्दपार करा.

सैनिक आणि माजी सैनिकांना क्विल्ट देणारी 'क्विल्ट्स ऑफ व्हॅलर' ही संस्था २००३ मध्ये सुरू झाली. कॅथरीन रॉबर्ट्स यांचा मुलगा तेव्हा इराकमध्ये तैनात होता. आजवर ३ लाखांहून जास्त क्विल्ट दिल्या गेल्या आहेत. त्यांचं माप ठरलेलं आहे: कमीत कमी ५५ बाय ६५ इंच, जास्तीत जास्त ७२ बाय ९० इंच. मागे लेबल लागतंच.

आजारी आणि अडचणीतल्या मुलांना पांघरुणं देणारा 'प्रोजेक्ट लायनस' १९९५ मध्ये कॅरन लाउक्स यांनी सुरू केला. तिथली अट अशी: पांघरूण नवं, हाताने बनवलेलं आणि धुता येणारं हवं. त्यात टाचणी राहिलेली चालत नाही, सिगारेटचा वासही चालत नाही.

देणारे हजारो, घरं हजारो, तरी वस्तू सारख्या दर्जाची येते ती या कागदामुळे. तुम्हीही एक पान लिहा: माप, कापड, टाके, धुलाई, पॅकिंग. उद्या मोठी ऑर्डर आली आणि दोन बायका कामाला ठेवल्या, तर हेच पान उपयोगी पडेल.

धडा ३: काम तोडा, वाटा

गिल्डमध्ये एकच बाई सगळी क्विल्ट करत बसेलच असं नाही. एक जण कापड कापून पिशवीत भरते, त्यात सूचनांची चिठ्ठी टाकते. दुसरी तुकडे जोडते. मोठं क्विल्टिंग मशीन असलेली तिसरी थर शिवते. चौथी गोट लावते.

तुमच्याकडे कटिंगनंतर उरलेले तुकडे पोत्यात पडून असतात ना? ते रोज दुकान बंद करण्याआधी दहा मिनिटं देऊन ५ इंचाचे चौकोन आणि अडीच इंचाच्या पट्ट्या असे कापून ठेवा. पोत्यातली चिंधी म्हणजे कचरा, मापात कापलेली चिंधी म्हणजे माल.

धडा ४: दानालाही बजेट असतं

गिल्ड दानाचं सामान आणते कुठून? वर्गणी, प्रदर्शनाची तिकिटं, सभासदांनी दिलेलं कापड, आणि एखादी सुंदर क्विल्ट सोडतीला ठेवून मिळालेले पैसे. (आपल्याकडे सोडतीवर कायद्याची बंधनं आहेत, हा मार्ग तसाच उचलू नका.)

आता तुमचं गणित मांडू. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे भाव घाला. ३६ बाय ३६ इंचाची लहान गोधडी:

- वरचा थर: उरलेले तुकडे, खर्च ०
- अस्तर १ मीटर: १२० रुपये
- भरण: १०० रुपये
- दोरा आणि गोट: ३० रुपये
- तुमचा वेळ ४ तास, ७५ रुपये ताशी: ३०० रुपये
- एकूण: ५५० रुपये

दहा गोधड्या म्हणजे ५,५०० रुपये आणि ४० तास. महिन्याचा नफा २०,००० असेल तर पाव हिस्स्याहून जास्त गेला, आणि कामाचा अख्खा आठवडाही.

समोरचा म्हणेल, "सामान आम्ही देतो, तुम्ही फक्त शिवा." ऐकायला स्वस्त वाटतं. पण सामान दहाचं मिळून २,५०० रुपयांचं, तुमचा वेळ ३,००० रुपयांचा, आणि ४० तास तुमचेच जाणार!

मग करायचं काय? नफ्याचे ३ टक्के बाजूला काढा. २०,००० वर ६०० रुपये, म्हणजे महिन्याला एक गोधडी, वर्षाला १२. शांतपणे, कोणाची ऑर्डर न अडवता. त्याहून जास्त हव्या असतील तर दोन पर्याय ठेवा:

१. नफा न घेता, फक्त खर्चात. दर ५५० रुपये, आणि तारीख तुमच्या सोयीची. जूनमधले गणवेश, दिवाळी, लग्नसराई ही गर्दी सोडून.

२. संस्थेचे स्वयंसेवक येऊन हाताचा धावदोरा घालतील. गिल्डमध्येही असे एकत्र शिवायचे दिवस असतात. तुमचे तास वाचतात.

कराबद्दल दोन ओळी. आयकरातली देणगीची वजावट पैशाच्या देणगीसाठी असते, वस्तूसाठी नाही. आणि जीएसटी नोंदणी असेल तर मोफत दिलेल्या मालावरचं इनपुट क्रेडिट मिळत नाही. तुमच्या सीएशी बोलून घ्या.

धडा ५: लेबल आणि वही

क्विल्टच्या मागे छोटं लेबल असतं: कोणी शिवली, कुठे, कधी. तुम्हीही व्यवसायाचं नाव आणि धुण्याची सूचना असलेलं लेबल मागच्या कोपऱ्यात लावा. मोठा फोन नंबर समोर छापू नका, पांघरूण घेणारा माणूस तुमचा जाहिरात फलक नाही. फोटो हवा तर वस्तूचा काढा. माणसाचा काढायचा असेल तर आधी परवानगी घ्या.

वहीत चार रकाने पुरे: तारीख, कोणाला, किती, खर्च.

नाही कसं म्हणायचं?

हे पाठच करा: "दादा, काम चांगलं आहे. आमचं दानाचं बजेट महिन्याला एक गोधडीचं आहे आणि या तिमाहीचं ठरलं आहे. पुढच्या यादीत नाव लिहू, की खर्चाच्या दरात करून देऊ?"

यात नकार आहे, पण अपमान नाही. आणि ऐकणाऱ्याला कळतं की इथे वेळेला किंमत आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

१. गेल्या सहा महिन्यांत मोफत काय काय दिलं ते आठवून लिहा, तासांसकट.
२. तुमची टक्केवारी ठरवा. १ टक्का असला तरी चालेल.
३. जवळच्या एका अंगणवाडीत किंवा वृद्धाश्रमात जा आणि एकच प्रश्न विचारा, "तुम्हाला नेमकं काय लागतं?"

पहिल्या प्रश्नाचा आकडा बघून दचकाल कदाचित. हरकत नाही. तो आकडा कागदावर आला की पुढच्या वेळी "ताई, द्या ना" ऐकल्यावर उत्तर तयार असेल, आणि जी एक गोधडी द्याल ती मनापासून द्याल.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.