एकच ओरडा सर्वांना?

सर्व मुलांना एकाच मापाने वागवले की न्याय झाला, असे आम्हाला फार दिवस वाटत असे. शिवाजी पार्कचे रमाकांत आचरेकर सर सचिन दमला की स्टंपवर एक रुपयाचे नाणे ठेवत. जो गोलंदाज त्याला बाद करील त्याचे ते नाणे. कोणालाच जमले नाही तर सचिनचे. अशी १३ नाणी त्याने जपून ठेवली आहेत. दमलेल्या मुलाला सरांनी रागावून नव्हे, आव्हान देऊन उभे ठेवले. हाच सचिन सराव सामना बुडवून शाळेच्या वरच्या संघाला टाळ्या द्यायला वानखेडेवर गेला, तेव्हा मात्र थप्पड बसली. (थप्पड आम्हाला पटत नाही, पण वेळ ओळखणे पटते.)

आमच्या धर्मग्रामाच्या फुटबॉल संघात आम्ही मात्र सर्वांवर सारखेच ओरडलो. पुढे खेळणारा हसला. गोलरक्षक मुकाट्याने घरी गेला, तो दोन रविवार फिरकलाच नाही. शेवटी आम्हीच त्याच्या घरी गेलो. “फादर, बाजूला बोलावून सांगितलं असतं तर चाललं असतं,” एवढेच तो म्हणाला. आता सराव संपला की गोलखांबामागे पाच मिनिटे आम्ही दोघेच बोलतो.