अज्जाच्या रथाला खारीक

जुन्या हुबळीत आमची ही तिसरी पिढी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. २०१९ च्या दिवाळीनंतर आमच्या यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पुढच्या तीन-चार वर्षांत जे उमगलं, ते लिहिते.

१. आलेला डबा परत पाठवू नये.
आरंभी मी पाठवत होते. 'आमचं आम्ही बघतो' म्हणायचे. समोरच्या लिंगायत आजी एक दिवस आत येऊन बसल्या. म्हणाल्या, "माझ्या बाळंतपणात तुझ्या सासूनं महिनाभर डिंकाचे लाडू दिले. मी परत केले होते का?" त्या दिवसापासून गल्लीनं वार वाटून घेतले. कुणाकडून कडक भाकरी आणि शेंगाचटणी, कुणाकडून एण्णेगाई, म्हणजे भरली वांगी. शुक्रवारचा डबा मागच्या बोळातल्या खालाकडून यायचा.

२. हाताला दुसऱ्यांसाठीचं काम हवं.
हे मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. २०२० च्या शिवरात्रीला आजींनी मला ओढूनच सिद्धारूढ मठात नेलं. दुसऱ्या दिवशी रथ, हजारो माणसं जेवायला येणार. दासोहाच्या, म्हणजे मठातल्या अन्नदानाच्या, तयारीला बायका गोल करून बसल्या होत्या. माझ्यापुढे विळी आणि वांग्यांचा ढीग आला. घरी औषधांच्या वेळा सांभाळून मी आंबून गेले होते. इथं कुणी 'कसे आहेत ते?' असंही विचारलं नाही. एकीनं भजन धरलं, बाकीच्यांनी उचललं. कन्नड भजन मला अर्धंमुर्धंच येतं. तरी तासाभरानं ध्यानात आलं, मी गातेय. तीन महिन्यांत माझा आवाज मीच ऐकला नव्हता. मन चोरटं झालं. नवरा खाटेवर पडलेला आणि आपण गातो? शेजारच्या बाईनं काही न बोलता माझ्यापुढे आणखी वांगी सरकवली. मी गात राहिले.

३. मागून मिळालं नाही तरी जात राहावं.
दर सोमवारी मी मठातल्या समाधीपुढे यांची वाचा मागायचे. वाचा आली नाही, अजूनही नाही. माझी मावशी बेळगावची, संत कलावती आईंची बालोपासना करणारी. ती आठवण करून द्यायची, की आईही तरुणपणी पती गेल्यावर याच मठात, सिद्धारूढ स्वामींच्या पायाशी आल्या होत्या. गेलेला माणूस त्यांनाही परत मिळाला नाही. पुढे बेळगावच्या हरिमंदिरात त्यांनी कितीतरी घरांना गायला लावलं. अज्जांनी, म्हणजे सिद्धारूढ स्वामींनी, १९२९ साली समाधी घेतली. तरी इथं सगळे 'अज्जा बघतील' असं वर्तमानकाळातच बोलतात. मीही तसंच बोलू लागले.

४. देऊळ बंद झालं तर दार उघडं ठेवावं.
कोरोनात मठालाही कुलूप. मग सांजेला सातला जो तो आपापल्या दारात उभा राही आणि 'ओम नमः शिवाय' सुरू होई. एकदा मागं वळून पाहिलं, तर हे डाव्या हाताच्या बोटांनी खाटेच्या पट्टीवर ठेका धरत होते.

५. गर्दीत जावं.
२०२३ च्या रथाला गल्लीतल्या पोरांनी यांना चाकाच्या खुर्चीवरून नेलं. सगळे रथावर केळी, खारका उधळत होते. यांनी डाव्या हातानं खारीक फेकली. ती चार हातांवरच पडली. पुढच्या एका अनोळखी माणसानं ती उचलली, फुंकर मारून पुन्हा यांच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "इन्नोम्मे, काका." पुन्हा एकदा.