विटीदांडूतील अंक

येरवड्याच्या मोकळ्या जागांत विटीदांडू आता क्वचितच दिसतो. विटी पडे तेथपासून खळग्यापर्यंतचे अंतर दांडूने सातासातांच्या फेऱ्यांनी मोजीत. 'वकट, लेंड, मूंड, नाल' अशी ती मोजणी चाले, व शेवटी येणाऱ्या शब्दावरून पुढील टोल्याची रीत ठरे. हे शब्द आम्ही बाळपणी निरर्थक समजत असू. परंतु तेलुगूत एक म्हणजे 'ओकटि', दोन 'रेंडु', तीन 'मूडु' व चार 'नालुगु'! शेजारभाषेचे अंक मराठी मुलांनी पुस्तकावाचून पिढ्यानुपिढ्या सांभाळले. खेळ बुडाला की हे शब्दही बुडतील. म्हणून सातांपैकी उरलेले तीन शब्द आजोबांस विचारून प्रत्येकाने वहीत उतरून ठेवावे, व एकदा तरी विटी कोलून पाहावी.