बारा-तारी गिटार : जुनी की नवी?

बारा तारांची गिटार म्हणजे सहा तारांच्या गिटारीस आणखी सहा तारा जोडून केलेले वाद्य, एवढे सांगून भागत नाही. ह्या बारा तारा सहा जोड्यांत लाविलेल्या असतात. उंच स्वरांच्या दोन जोड्यांतील तारा एकाच स्वरात मिळविलेल्या असतात. उरलेल्या चार जोड्यांत जाड तारेशेजारी एक बारीक तार असून ती एक सप्तक वर लावतात. एका स्वरात मिळविलेल्या दोन तारा तंतोतंत सारख्या कंप पावणे जवळजवळ अशक्य असते. त्यांच्या कंपनसंख्यांत सेकंदास एकाचा फरक असला, तर नाद दर सेकंदास एकदा वाढतो व ओसरतो. यासच विस्पंद म्हणतात. हे विस्पंद आणि वरच्या सप्तकातील तारा यांच्या योगाने वाद्यास जो भरघोस व झळाळता नाद येतो, त्यासाठीच ते घ्यावयाचे. सतारीच्या तरफांशी याचे साम्य वरवरचे आहे. तरफा मुख्यतः अनुनादाने वाजतात. येथे जोडीतील दोन्ही तारांवर एकाच वेळी आघात होतो.

अशी गिटार आत विद्युत्-ग्राहक बसविलेली हवी असेल, तर गिऱ्हाइकापुढे दोन वाटा असतात : १९६० ते १९८० च्या दरम्यानचे जुने वाद्य, किंवा अलीकडे बनविलेले. जुने ते अधिक चांगले असा समज वादकांत फार रूढ आहे. बारा-तारी वाद्याच्या बाबतीत तो विशेष सावधपणे तपासावयास हवा. त्याचे कारण ताण हे होय.

तारेतील ताण तिची लांबी, तिची कंपनसंख्या आणि दर मीटरमागे तिचे वस्तुमान यांवरून काढता येतो. तिसऱ्या जोडीतील बारीक तार घेऊ. तिची लांबी ६४८ मिलिमीटर, जाडी ०.२३ मिलिमीटर व कंपनसंख्या सेकंदास ३९२ असते. गणित केले असता ताण सुमारे ८४ न्यूटन, म्हणजे साडेआठ किलोग्रॅम वजनाइतका येतो. तारेच्या छेदाच्या दर चौरस मिलिमीटरवर हे सुमारे २,००० न्यूटन झाले. उत्तम पोलादी वाद्यतार २,७०० च्या आसपास तुटते. ह्या जोडीची बारीक तार वारंवार का तुटते, ते यावरून कळते. जाड तार घातल्यानेही काही साधत नाही, कारण जाडीबरोबर वस्तुमान व छेद दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढतात आणि दर चौरस मिलिमीटरवरील भार तेवढाच राहतो. स्वर उतरविणे हाच उपाय. सर्व तारा एक पूर्ण स्वर खाली लावल्या, तर ताण सुमारे २० टक्क्यांनी घटतो; अर्धा स्वर उतरविल्यास ११ टक्क्यांनी.

बाराही तारांचा एकत्रित ताण, हलक्या जाडीच्या संचातसुद्धा, सुमारे ११० किलोग्रॅम वजनाइतका भरतो. सहा-तारी गिटारीत तो ७५ च्या आसपास असतो. पातळ लाकडी तबलीने व दांडीने हा भार अहोरात्र सोसावयाचा असतो. वर्षानुवर्षे ताणाखाली राहिलेले लाकूड हळूहळू वाकत जाते : घोडीमागची तबली फुगते, घोडी पुढे झुकते, दांडीचा कोन बदलतो आणि तारा पडद्यांपासून उंच होत जातात. अमेरिकेतील मार्टिन कंपनीने १९६४ साली डी-१२-२० व १९६५ साली डी-१२-३५ ह्या बारा-तारी गिटारी बाजारात आणल्या. दोन्ही नावाजलेल्या आहेत. परंतु फिरवून दांडीचा बाक कमीअधिक करता येईल अशी सळई ह्या कंपनीने १९८५ पासून बसविण्यास आरंभ केला. त्यापूर्वीच्या वाद्यात बाक आला असल्यास किल्ली फिरवून तो दुरुस्त होत नाही.

म्हणून जुने वाद्य पाहताना आधी ते वाजवू नये. एक सरळ पोलादी पट्टी घ्यावी. ती पडद्यांवर लांबीने ठेवली असता तिचे टोक घोडीच्या माथ्याशी यावे. टोक घोडीच्या बरेच खाली आदळत असेल, तर दांडी उखडून नव्या कोनात बसविणे भाग पडते. हे काम कुशल कारागिराचे आहे आणि खर्चाचेही. विक्रेता अशा वेळी घोडीवरील सॅडल, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, घासून तारा खाली आणून ठेवतो. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो, त्यामुळे तेथे तार १ मिलिमीटर खाली आणावयाची तर सॅडल २ मिलिमीटर घासावी लागते. घोडीच्या वर जेमतेम दिसणारी सॅडल हे आजार लपविल्याचे चिन्ह समजावे.

आता विद्युत्-भागाकडे वळू. काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठांवर विद्युत्भार उत्पन्न होतो, हा शोध प्येर व जाक क्युरी ह्या बंधूंनी १८८० साली लावला. ह्या दाबविद्युत् परिणामाचा उपयोग करून सॅडलखाली ग्राहक बसविण्याची पद्धत १९७० नंतरच्या दशकात रूढ झाली. तीत ओव्हेशन कंपनीचा वाटा मोठा होता. हेलिकॉप्टरे बनविणाऱ्या चार्ल्स कामन यांनी १९६६ साली ती स्थापन केली, आणि गिटारीची पाठ लाकडाऐवजी काचतंतुमिश्रित द्रव्याची, घमेल्यासारखी गोल केली. जुनी आणि मुळातच विद्युत्-ग्राहक असलेली बारा-तारी गिटार शोधणाऱ्यास बहुधा ह्याच कंपनीची वाद्ये प्रथम आढळतात.

दाबविद्युत् ग्राहक धारित्राप्रमाणे वागतो. त्याची धारिता १,००० पिकोफॅरड धरली आणि तो १ मेगओहम रोधाच्या प्रवर्धकास जोडला, तर सेकंदास सुमारे १६० कंपनांखालील स्वर क्षीण होऊ लागतात. गिटारीचा सर्वांत खालचा स्वर ८२ चा आहे! रोध १० मेगओहम केला की ही मर्यादा १६ वर उतरते. म्हणून वाद्यातच उच्च रोधाचा पूर्वप्रवर्धक बसवितात. जुन्या वाद्यातील पूर्वप्रवर्धकात विद्युत्-अपघटनी धारित्रे असल्यास ती कालांतराने सुकतात, फिरत्या गुंड्या खरखरतात आणि मूळचे सुटे भाग मिळणे दुरापास्त होते. ह्या बाबतीत नव्या वाद्याचे पारडे निःसंशय जड आहे. ग्राहक नसलेल्या जुन्या वाद्यात तो नव्याने बसवावयाचा तर सॅडलची खाच कोरावी लागते व शेवटच्या ठोकळ्यास भोक पाडावे लागते. हे परत भरून येत नाही आणि वाद्याची किंमत उतरते. तबलीला आतून चिकटविण्याचा ग्राहक अशा वेळी बरा; मोठ्या आवाजात मात्र तो शिटी मारण्याची भीती अधिक.

राहिला नाद. २०१० साली इंडियानापोलिस येथे क्लॉदिया फ्रित्झ व सहकाऱ्यांनी २१ वादकांना डोळ्यांवर काळा चष्मा लावून जुनी व नवी व्हायोलिने वाजवावयास दिली. सर्वाधिक पसंती नव्या वाद्यास मिळाली आणि सर्वांत कमी एका स्ट्रॅडिव्हेरियसला. इंग्लंडमधील लँकेस्टर येथे गिटारीच्या पाठीच्या लाकडांची अशीच चाचणी झाली. तीत, पाठीला कोणते लाकूड आहे हे न दिसता, महाग व स्वस्त लाकडांत वादकांना फारसा भेद जाणवला नाही. जुन्या लाकडातील काही घटक कालांतराने विघटित होतात व ते दमट हवा कमी शोषते, हे खरे आहे. तथापि हवेविना लाकूड तापवून तसाच पालट अलीकडे थोड्या वेळात घडवून आणतात.

लाकडावरून एक कायद्याची बाब निघते. ब्राझिलियन रोझवुड १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारबंधनाच्या पहिल्या परिशिष्टात आहे, आणि २०१९ साली तयार वाद्यांना दिलेली सूट त्यास लागू नाही. मार्टिन कंपनी १९६९ च्या सुमारास ह्या लाकडाकडून भारतीय शिसवीकडे वळली. आपल्या सह्याद्रीत वाढते तीच. तेव्हा त्याआधीचे डी-१२-३५ परदेशातून आणू पाहणाऱ्याने कागदपत्रे प्रथम मागावीत.

माझ्या मते, वाद्य रंगमंचावर रोज वाजवावयाचे असेल तर नवे घ्यावे. जुने घ्यावयाचेच, तर दांडीचा कोन नुकताच सुधारलेले व त्याची पावती असलेले घ्यावे आणि त्यासाठी जास्त पैसे मोजावेत. हवेतील आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असणे गिटारीस मानवते. मुंबईत वा गोव्यात पावसाळ्याचे चार महिने ती ह्याच्या कितीतरी वर असते, लाकूड फुगते आणि तबली उचलते. ह्या काळात जुने वाद्य एक स्वर खाली लावून, शोषक पुडीसह बंद पेटीत ठेवावे. पुडी दर पंधरवड्यास काढून वाळवावी लागते.