युद्धकाळातील खाणकामगार स्त्रिया : एक अभ्यासपाठ

हडपसरच्या आपल्या वसतिगृहात पुणे-सोलापूरकडील मुलांबरोबर विदर्भातील मुलेमुलीही शिकतात. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या महायुद्धाचा पाठ शिकविताना आम्ही दिवाळीच्या सुटीसाठी एक गृहपाठ दिला होता : ‘त्या काळी आपल्या घरातील स्त्रिया कोणते काम करीत, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.’ वर्गात दाखविलेल्या चित्रांत विलायतेतील शस्त्रास्त्र-कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रिया होत्या. आपल्याकडील एकही नव्हती.

चंद्रपूर जिल्ह्यातील एका मुलीने आजीकडून ऐकून लिहिले होते, “माझी पणजी लढाईच्या दिवसांत खाणीत उतरून डोक्यावरून कोळशाच्या पाट्या वाहत असे.” एका मुलाने लगेच हरकत घेतली. जमिनीखालील खाणकामास स्त्रियांना १९३७ सालीच बंदी झाली होती, हे त्याने वाचले होते. मग खरे कोण, आजी की पुस्तक?

इतिहासाचे संशोधन नेमके येथून सुरू होते. दोन साधने परस्परविरुद्ध बोलू लागली, की एकाला खोटे ठरविण्याआधी दोन्हींचा काळ तपासावा. आम्ही मुलांसह कालक्रम मांडला. १९३५ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने स्त्रियांच्या भूमिगत खाणकामास मनाई करणारा करार संमत केला. १९३७ साली भारतात बंदी आली. पुढे युद्ध पेटले. रेल्वे व कारखान्यांना कोळसा अपुरा पडू लागला. खाणीतील मजूर अधिक मजुरीच्या लष्करी बांधकामांकडे वळले. तेव्हा १९४३ च्या उत्तरार्धात सरकारने मध्य प्रांत, बंगाल व बिहारमधील खाणींपुरती ही बंदी उठविली. त्या काळी चांदा म्हणून ओळखला जाणारा आजचा चंद्रपूर जिल्हा मध्य प्रांतातच मोडत होता. १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली. म्हणजे आजीही खरी आणि पुस्तकही खरे. पुस्तकातून निसटली होती ती मधली अडीच वर्षे.

खरा पेच पुढेच होता. बंदी उठविली गेली तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वर्ग स्तब्ध झाला. एकाने हळूच विचारले, “सर, हे लिहायचे का?”

लिहायचेच, असे आम्ही सांगितले. मात्र पूर्ण लिहायचे. अखिल भारतीय महिला परिषदेने या निर्णयाला कडाडून विरोध केला होता, हे लिहायचे. ८ फेब्रुवारी १९४४ रोजी मध्यवर्ती विधिमंडळात बाबासाहेबांनी हा उपाय तात्पुरता असल्याचे सांगितले आणि स्त्रीपुरुषांना समान कामासाठी समान वेतन हे तत्त्व येथे मान्य झाल्याकडे लक्ष वेधले, हेही लिहायचे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभ विधेयकाला त्यांनी दिलेला पाठिंबा आणि त्यांच्याच कारकिर्दीत खाणकामगार स्त्रियांच्या प्रसूती-लाभ कायद्यात झालेल्या सुधारणा यांचीही नोंद करायची. आणि अखेरीस विचारायचे : सभागृहात मान्य झालेले समान वेतन पणजीच्या हाती पडले का? ज्या निर्णयाने तिला काम मिळाले, त्यानेच तिला काळोखात उतरविले. तिला स्वतःला काय वाटले?

कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश आपण जाणतो. केवळ परंपरेने सांगितले म्हणून अथवा ग्रंथात आहे म्हणून काही स्वीकारू नये. बाबासाहेबांचे अनुयायी म्हणविणाऱ्यांनी त्यांच्या कार्याचा अभ्यासही याच कसोटीवर करावा. त्यात त्यांचा अवमान नाही. चिकित्सा त्यांनीच आपल्याला शिकविली आहे.

साधने आपल्या आवाक्यात आहेत. बाबासाहेबांची मजूरमंत्री म्हणून झालेली भाषणे महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या लेखन आणि भाषणे या मालेच्या दहाव्या खंडात आहेत. कामगारांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी १९४४ साली नेमलेल्या रेगे समितीचे अहवालही आहेत. परंतु पणजीचे म्हणणे कोणत्याही खंडात सापडणार नाही. ते आपल्या घरांत आहे, आणि ते ऐकलेली पिढी आता थकत चालली आहे.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना व पालकांना विनंती आहे. घरातील वृद्धांजवळ बसा. आजी, पणजी कोठे कामाला जात, मजुरी किती मिळे, पुरुषांइतकी मिळे का आणि तान्हे मूल कोणापाशी ठेवीत, एवढे विचारा. साल आठवत नसेल, तर कोणत्या लेकराच्या जन्माआधी की नंतर, ते विचारा. सांगणाऱ्याच्याच शब्दांत लिहून घ्या, खाली तारीख घाला आणि एक प्रत शाळेत आणून द्या. त्या मुलीची वही आम्ही अद्याप जपून ठेवली आहे. तिच्या शेजारी आणखी वह्यांना जागा आहे.